स्विच लावू नये

महाल, नागपूर
१ मे

तुझा फोन आला तेव्हा मी स्टेजखाली पालथा पडलो होतो. तोंडात टॉर्च, उजव्या हातात वीस मीटर वायरीचं टोक, आणि वरून विहीणबाई विचारत होत्या, "काही दिसून राह्यलं काय, भाऊ?" तोंडात टॉर्च असलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये. फोन सहा वेळा वाजला. न पाहताही कळलं की तूच. दुसरं कुणी सहा वेळा करत नाही.

आता रीतीने. तीर्थरूप कुसुमताईस दत्तूचा वाकून नमस्कार (वाकणं कालपासून अवघड झालं आहे, तरी केला असं समज). मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस, असं धरून चालतो. इंदूरचा उन्हाळा कसा आहे ते विचारत नाही. इथला सांगितला की तुझा तू सांगणार नाहीस. उलट फोन का केला नाही ते तुला ठाऊक आहे. कानाचं यंत्र तू डबीत ठेवतेस आणि फोनवर फक्त बोलतेस. म्हणून पत्र. सावकाश वाच.

काल आपले व्याही देवराव निवृत्त झाले. कोराडीच्या वीजकेंद्रात छत्तीस वर्षं. कॉलनीजवळच्या एका हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम होता आणि मला तिथे जाणं भाग होतं. का, ते सांगतो. नूपुरचा सातवा महिना संपत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण माहेरी म्हणजे माझ्याकडे, आणि तुझी भावजय गेल्यापासून या घरात मी आणि चार हजार पुस्तकं. (पुस्तकांचा बाळंतपणात उपयोग नाही, हे मला तीन जणांनी आपणहून येऊन सांगितलं.) तिकडे विहीणबाई तयारच आहेत. मी नूपुरला दोनदा विचारलं, दोनदा तिने विषय बदलला. गेल्या रविवारी म्हणाली, "बाबा, तीस तारखेला तुम्ही त्यांच्याकडे कसे वागता ते पाहते. मग सांगते." पस्तीस वर्षं मी कॉलेजात परीक्षा घेतल्या. कुणाला असं तोंडावर सांगितल्याचं आठवत नाही.

तिला कारण होतं. तिच्या लग्नात मी एका परिचिताला म्हणालो होतो की कोळसा जाळायला माणसं पगारी ठेवतात हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या हातात माईक होता आणि तो चालू होता. देवरावांनी त्यावर आजवर एक शब्द काढलेला नाही. नूपुरने पुष्कळ काढले आहेत.

तर देवरावांची इच्छा अशी की शेवटच्या दिवशी आपल्या माणसांसमोर एक गाणं म्हणावं. जुनं, हिंदी. आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. कंट्रोल रूममध्ये कुणी गात नाही. इच्छेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गाणं येत असेल तर माणूस गातो, येत नसेल तर शिकतो, नाहीतर गप्प बसतो. आपल्या पिढीपर्यंत एवढेच मार्ग होते. आता चौथा निघाला आहे. त्याला कॅराओके म्हणतात. वाद्यं यंत्रात असतात, शब्द पडद्यावर येतात, आणि जो शब्द म्हणायचा तो पांढऱ्याचा पिवळा होतो. म्हणजे ताल यंत्राचा, पाठांतर पडद्याचं. माणसाकडे उरतो तो फक्त गळा, आणि तोच नेमका वाईट असतो. नागपुरात याचे क्लब आहेत. माझ्याच आळीत दोन आहेत. (एकात आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर जातात. मी त्यांच्याशी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.)

यंत्र देवरावांचं, या गाण्यासाठी जुन्या बाजारातून आणलेलं. पडदा भाड्याचा, बारा फूट बाय आठ. लग्नांत त्याच्यावर पाहुणे जेवताना दाखवतात; माणसाला आपलाच घास आपल्याच तोंडात जाताना पाहत जेवावं लागतं. हे यंत्र त्या पडद्याला जोडण्याचं काम नूपुरकडे आलं, कारण ती मिहानमध्ये नोकरी करते. ती तिथे परदेशातल्या दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. सासरी मात्र कंप्युटरवर बसणारी म्हणजे वायर असलेलं काहीही चालू करून देणारी. जोडणं कसं असतं ते ऐक. यंत्रातून तीन पिना निघतात, लाल, पिवळी, पांढरी. पडद्याला चपटी पिन लागते. दोघांचं जमत नाही म्हणून मध्ये काडेपेटीएवढी एक डबी बसवतात. ती एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावून सांगते. आणि या दुभाष्याला स्वतःची वेगळी वीज लागते. नूपुरने हे सगळं कागदावर काढून आणलं होतं. फक्त तिला वाकता येत नव्हतं. आपले जावई ऋषिकेश बाहेर जीप सजवत होते. म्हणून वायर घेऊन स्टेजखाली मी. स्टार्चचा झब्बा घालून. तीस एप्रिल, दुपारचे साडेचार.

वायर पलीकडे निघाली तेवढ्यात देवराव आले. सूट, टाय. त्यांनी पडदा पाहिला नाही, मला पाहिलं नाही. स्टेजमागच्या बोर्डाकडे जाणाऱ्या वायरीजवळ उकिडवे बसले आणि नजरेने ती इंच इंच तपासत एका जोडाशी थांबले. टेप सुटली होती, तांबं दिसत होतं. त्यांनी बोर्डाचं मेन स्विच खाली केलं, कोटाच्या खिशातून तळहाताएवढं लाल कार्ड काढलं, त्यावर नाव आणि वेळ लिहिली आणि दोऱ्याने ते स्विचला बांधलं. कार्डावर छापलेलं आहे: माणूस काम करत आहे. स्विच लावू नये. मग त्यांच्या वायरमनला म्हणाले, "टेप मार गा नत्थू, मी येतो." निवृत्तीच्या दिवशीही या माणसाच्या खिशात ती कार्डं होती. त्यांच्या घरी गीझरला दिवाळीपासून एक लटकलेलं आहे. थंडीभर नूपुरने चुलीवर पाणी तापवलं.

आणि 'मी येतो' म्हणणारे देवराव गेले. बँडवाल्यांना सातला दुसरीकडे लग्न होतं, म्हणून मिरवणूक आधी निघाली. निवृत्त माणसाला सजवलेल्या जीपमध्ये उभं करून कॉलनीभर फिरवायचं आणि दारोदारी ओवाळायचं, अशी तिथली पद्धत आहे. (मला कॉलेजने एक शाल आणि एक घड्याळ दिलं आणि मी ऑटोने घरी आलो.) विहीणबाई जीपमध्ये, ऋषिकेश जीपपुढे नाचत. इकडे नत्थूने दहा मिनिटांत टेप मारली, हात पुसले आणि बोर्डाशेजारी खुर्ची टाकून बसला.

त्या बोर्डावर पडदा होता, यंत्र होतं, दुभाषी होता, आणि हॉलचे चारही कूलर होते. दुसरा बोर्ड नव्हता. साडेपाचपर्यंत दोनशे माणसं जमली आणि घामाने निथळू लागली. मी नत्थूला म्हटलं, काम झालं असेल तर स्विच लावा. तो म्हणाला, "काम झालं सर. पन कार्ड साहेबांचं हाये." मग काढा. "ज्याचं कार्ड, तोच काढते." पुढच्या रांगेत सहा इंजिनियर बसले होते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी दिवे लावलेले. मी एकेकाकडे गेलो. एकाने घड्याळ पाहिलं. एकाने छत पाहिलं. त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या साहेबांनी मला समजावलं की ते देवरावांचेही वरिष्ठ आहेत, आणि म्हणूनच त्यांना तर ते अजिबात काढता येत नाही. हे वाक्य मी अजून मनात फिरवतो आहे. देवरावांना फोन लावला. तो स्टेजवरच्या त्यांच्या पिशवीत वाजला. ऋषिकेशना लावला, त्यांनी उचलला आणि मला बराच वेळ ढोल ऐकवला. एका माणसाला मोटरसायकलवर पाठवलं. तो परतलाच नाही. नंतर कळलं की त्यालाही नाचायला ओढलं.

सव्वासहाला मी नूपुरकडे पाहिलं. ती खुर्चीत मागे रेलून निमंत्रणपत्रिकेने वारा घेत होती. ओठ कोरडे, चेहरा उतरलेला. म्हणून मी उठलो असं मी तुला सांगू शकेन. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की पुठ्ठ्याच्या एका तुकड्यासमोर सहा इंजिनियर बसले आहेत आणि त्यांच्याने एक दोरा सुटत नाही, हे मला पाहवत नव्हतं. आणि मी नुसता पाहत बसत नाही हे त्यांना दिसावं असंही वाटत होतं. मी गेलो, दोरा सोडला, कार्ड नत्थूच्या मांडीवर ठेवलं आणि स्विच वर केलं.

कूलर घरघरले. पडदा निळा झाला. मला वाटलं होतं टाळ्या पडतील. नत्थू खुर्ची पाडून उठला, "हात काढा!" असं ओरडला आणि स्टेजमागे धावला. मागे कुणी नव्हतं. तरी त्याने वाकून सगळीकडे पाहिलं, स्टेजखालीही पाहिलं, मग परत येऊन बसला. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. नूपुरने मला खुणेने जवळ बोलावलं. नत्थूच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत ते तुम्ही पाहिलंत का, असं तिने विचारलं. मी पाहिलं नव्हतं. लग्नात त्याच हाताने त्याने मला चहा दिला होता. वीजकेंद्रात लागण्याआधी, फार वर्षांपूर्वी, तो गावाकडे एका जिनिंगमध्ये कामाला होता. बंद यंत्रात हात घालून अडकलेला कापूस काढत होता, आणि कुणाला तरी वाटलं काम झालं असेल. "तिथं कार्ड नव्हतं, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. बाळंतपणाचा विषय काढला नाही, आणि मला तो त्या वेळी संपल्यातच जमा दिसला.

दहा मिनिटांनी मिरवणूक आली. देवराव गुलालाने माखलेले, गळ्यात पाच हार. दारातून त्यांनी माणसांकडे पाहिलंच नाही, पडद्याकडे पाहिलं. "कार्ड कोनं काढलं?" बँड थांबला. आता सगळे माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. कुणी बघितलं नाही. सहाही इंजिनियर आपापल्या बुटांकडे बघत होते. आणि नत्थू उठून म्हणाला, "म्या काढलं, साहेब."

ताई, मी मुलीचा बाप, त्यांच्याकडचा मानाचा पाहुणा. माझी शोभा होऊ नये म्हणून त्या माणसाने ते अंगावर घेतलं, आणि दोनशे माणसं ते खपवून घ्यायला तयार होती. इतका अपमान माझा कुणी केलेला नाही. मी गप्प बसलो असतो तर सगळ्यांनाच चाललं असतं. नूपुर माझ्याकडे पाहत नव्हती. हातातली पत्रिका वाचत होती, जी तिनेच लिहिली होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "त्याने नाही. मी काढलं." पुढे काहीतरी म्हणायला हवं होतं. पस्तीस वर्षं बोलण्यावर पोट भरलं, पण सुचलं ते एवढंच: "चुकलं." मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "ऐकू नाई आलं जी!" म्हणून ते पुन्हा म्हणावं लागलं.

देवराव जवळ आले. "इवाईबुवा," (तिकडे व्याह्याला इवाई म्हणतात) "छत्तीस वर्षांत माहं कार्ड कोनं काढलं नाई. शेवटच्या दिवशी तुमी काढलं." त्यांनी डोळ्यांवर आलेला गुलाल पुसला. "तुमाले तरी काय मालूम म्हना. आमीच सांगितलं नाई." क्षमा करण्याची ही पद्धत मला सोसत नाही. तिच्याशी वाद घालता येत नाही. मग त्यांनी ते सगळं पहिल्यापासून केलं. हार काढून ठेवले. स्विच खाली केलं. कूलर बंद, पडदा काळा. कार्ड पुन्हा बांधलं. "काम झालं काय गा, नत्थू?" "झालं, साहेब." "मानसं बाजूले?" "बाजूले." मग स्वतःच्या हाताने दोरा सोडला, कार्ड खिशात घातलं आणि मला म्हणाले, "आता लावा तुमी." मी लावलं. आता मात्र टाळ्यांचा कडकडाट. पाव तासापूर्वी मी हेच स्विच लावलं होतं, हीच वीज आली होती. फरक कुठे होता ते मला कळलं. पण ते कबूल करायला इंदूरइतकं लांबचं माणूस लागतं.

मग गाणं. नूपुरने तीन पिना, डबी आणि चपटी पिन पहिल्या झटक्यात जुळवली. त्याबद्दल कुणी टाळी वाजवली नाही. पडद्यावर शब्द आले. देवरावांनी माईक टेलिफोनसारखा कानाशी नेला, मग तोंडाशी आणला. वाद्यं सुरू झाली. पहिली ओळ पिवळी होत गेली आणि देवराव गप्प. ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत पिवळी झाली, तेव्हा त्यांनी ती म्हटली. तोवर दुसरी पिवळी होत आली होती. ती पुरी होईपर्यंत थांबले, मग ती म्हटली. नूपुर हातवारे करत होती. विहीणबाई खालून म्हणाल्या, "अवो, संगंसंगं म्हना ना!" देवराव माईकवरून म्हणाले, "पुरं पिवळं झाल्याबिगर कसं म्हनू?" पुढच्या रांगेतल्या सहा जणांनी माना हलवल्या, त्यांना ते पटलं होतं. वाद्यं पुढे आणि देवराव एक ओळ मागे, असं अख्खं गाणं झालं. वाद्यं संपली, पडदा रिकामा झाला, आणि देवरावांची एक ओळ शिल्लक राहिली. ती त्यांनी वाद्यांवाचून म्हटली. सावकाश, समोर बघत. सूर लागला असं मी म्हणणार नाही. (कूलरचा त्याहून बरा होता.) पण दोनशे माणसांपैकी कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. मीही हलवली नाही.

जेवायला वडाभात होता. नूपुर माझ्या शेजारी बसली. मी काहीतरी बोलेन म्हणून ती वाट पाहत असावी. मी भात खात होतो. मग म्हणाली, "बाबा, माझ्या खोलीतला पंखा अजून कुरकुरतो का?" मी म्हटलं, कुरकुरतो. "करून घ्या मग. मी पंचवीस मेला येते." मी आणखी एक वडा घेतला.

इतकंच. तिकडच्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे ते हल्ली घेत असतील ते.

तुझा
दत्तू

ता. क. – देवरावांबद्दल वर जे लिहिलं ते कुणाला वाचून दाखवू नकोस. नूपुरचा फोन आला तर मुळीच नको. कार्यक्रम फार सुंदर झाला असं मी तुला कळवलं आहे, असं मी तिला सांगितलं आहे.

ता. क. २ – पत्राचं कारण लिहायचं राहिलं. नूपुर येते आहे आणि बाळंतिणीला काय लागतं ते मला ठाऊक नाही. घरातल्या चार हजारांत शोधलं, जे एकच पुस्तक मिळालं ते गाईम्हशींचं निघालं. तू दोन महिने ये. येशील का असं विचारत नाही, कारण तू येते आहेस असं मी काल पंगतीतच सगळ्यांना सांगून टाकलं. मेच्या तिसऱ्या रविवारचं तिकीट काढलं आहे, खालचा बर्थ. त्याची प्रत पाकिटात आहे. नागपूरचा मे तुला ठाऊक आहे. त्याबद्दल मी काही करू शकत नाही.

ता. क. ३, २ मे – काल महाराष्ट्र दिन, पोस्ट बंद, म्हणून पाकीट अजून माझ्याकडेच. आज सकाळी आठला विहीणबाई एकट्याच आल्या. चहा नको म्हणाल्या. थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि एकेक डबा उघडून पाहिला. तूरडाळीत किडे निघाले. मग मला विचारलं, "तुमची ताई खरंच येऊन राह्यली ना, भाऊ?" मी पाकीट फोडून तिकीट दाखवलं. त्यांनी नाव वाचलं, तारीख वाचली, पदर खोचला आणि सगळी डाळ गच्चीवर उन्हात नेऊन टाकली. दहाला गेल्या.